रिळात गेलेला दुपट्टा

लेथच्या तेलाचा वास आला की अजूनही माझा हात आधी गळ्याकडे जातो. प्रयोगशाळेत आम्ही लेझरच्या माऱ्याने प्रोटॉन काढतो. प्रत्येक माऱ्याला तांब्याच्या पातळ पट्टीत भोक पडतं, म्हणून पुढच्या माऱ्याआधी कोरी पट्टी समोर सरकवून थांबवावी लागते. तिची रिळं मी वरठी गावातल्या एका म्हाताऱ्या टर्नरकाकांकडून, त्यांच्या लेथवर करून घेतली होती. मे महिन्यातली दुपार, पत्र्याचं तापलेलं वर्कशॉप, काकांच्या गळ्याभोवती उन्हासाठी ओला दुपट्टा. चाचणीसाठी रिळं फिरवणारी मोटर लॅपटॉपवरून सुरू करून मीच म्हणालो, "काकाजी, जरा वाकून पाहा, रीळ हलते काय?" ते वाकले आणि दुपट्ट्याचं टोक पट्टीसोबत रिळात शिरलं. टक झालं की चार बोटं दुपट्टा आत जायचा, मग मोटर थांबायची, मग पुन्हा टक. काकांचा गळा आवळत चालला होता. मी लॅपटॉपवर झेपावलो, तर स्क्रीन लॉक झालेली. घामेजल्या बोटांनी पासवर्ड दोनदा चुकला. मागून घुसमटलेला आवाज आला, "बापू, प्लग काढ ना, कंप्युटरले काय इचारून राहिला?" प्लग माझ्या पायाशीच होता. तो उपटल्यावर काका बराच वेळ खोकले, मग रिळाकडे पाहत म्हणाले, "थांबते मात्र बराबर." आज आमच्या यंत्राला तळहाताएवढं लाल बटण आहे. एवढ्याशा मोटरला एवढं मोठं बटण, म्हणून पाहुणे हसतात. पट्टी टकटक सरकू लागली की सगळे स्क्रीनकडे पाहतात. मी बटणावरचा हात काढत नाही.