अकराव्या मिनिटाची टिक

रेकॉर्डच्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. आता खरं सांगायचं तर या कानसेनाला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तबकडीत केसाएवढी खरखर असू द्या, हा पठ्ठ्या हेडफोन लावून, कानामागची पेन्सिल काढून नेमका सेकंद लिहायचा. सत्तावीस वर्षं एवढंच. नमुन्याची तबकडी ऐकायची, दोष टिपायचा, 'पास' किंवा 'बाद' लिहून सही ठोकायची.

चार महिन्यांपूर्वी बायको गेली. पाचव्या दिवशी हा कामावर हजर. "सावरलात हो लवकर," मॅनेजर म्हणाला. कसलं डोंबलाचं सावरणं! सावरायला आधी कोसळावं लागतं, आणि याच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता. समोर येईल ते खायचं, झोपायचं, उठायचं. आत काही हलतच नव्हतं, आणि त्याची त्याला मनातून लाज वाटे.

त्या सोमवारी टेबलावर त्याच्या मुलीची तबकडी आली. तिचं व्हायोलिन, तेही थेट तबकडीवर कोरलेलं. मध्ये टेप नाही, कापाकापी नाही, दुरुस्ती नाही. अख्खी बाजू एका दमात वाजवायची. आवाज इतका स्वच्छ येतो की वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा, पण काही बिघडलं तर सगळी बाजूच फुकट.

पोटची पोर म्हणून त्याने सूट दिली नाही. अकराव्या मिनिटाला एक टिक सापडली. बारीक, कोरडी. दुसरी प्रत लावली, तिसरी लावली, तरी तिथेच. म्हणजे दोष छपाईचा नव्हे, मुळातलाच. त्याने 'बाद' लिहिलं आणि ज्यावरून तबकड्या छापतात तो साचा मोडीत काढायचा कागद भरला. संध्याकाळपर्यंत साचा वितळला असता.

'बाद' झाल्याचा निरोप मिळताच जेवणाच्या सुट्टीत मुलगी धापा टाकत आली.

"बाबा, साचा मोडू नका."

"अगं, अकराव्या मिनिटाला टिक आहे त्यात. पुन्हा वाजव, तुला काय अवघड आहे?"

"वाजवीन हो. पण आई कुठून आणू?"

त्याने खुर्ची पुढे ओढली, पण ती बसली नाही.

"माझे हात कापतात म्हणून त्या दिवशी आई कोपऱ्यात बसली होती ना? तिथे माझा सूर किंचित घसरला, आणि तिने सवयीने जिभेने 'च्' केलं. ती टिक नाहीये बाबा, आई आहे."

एकतीस वर्षं ते 'च्' त्याने घरात ऐकलं होतं. ओला टॉवेल खुर्चीवर टाकला की 'च्'. शर्टाची बटणं वर-खाली लागली की 'च्'. धूळ कुठली आणि ओरखडा कुठला हे झोपेत सांगणाऱ्या या माणसाने आज तीनदा ऐकून बायकोला ओळखलं नव्हतं.

त्याने कागद मागवून घेतला, 'बाद' खोडलं, 'पास' लिहिलं. मग हेडफोन न लावता, स्पीकरवर, तबकडी पहिल्यापासून लावली. दोघं उभीच राहिली. अकरावं मिनिट लागलं तसा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. त्याने तो खाली घेतला.

'च्.'

त्याने मान खाली घालून पाहिलं. बटणं वर-खाली लागली होती. सकाळपासून कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ती सगळी सोडली आणि नीट लावायला घेतली, पण बोटं कापायला लागली. शेवटची दोन मुलीने लावली.