सहा महिन्यांच्या आत

दुबईत एक नियम होता, आणि त्याला शिव्या न देणारी आई बहुधा मी एकटीच असेन. रेसिडेन्स व्हिसावरचा माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिला, की त्याचा व्हिसा आपोआप बाद. मग जन्म तिथला असो की सगळं शिक्षण तिथलं असो. बारावीनंतर ज्यांची मुलं कॅनडा-अमेरिकेला गेली होती, त्या आयांच्या या नियमाने नाकी नऊ आणले होते. "नुसता शिक्का मारायला पोराला बोलवायचं, तिकिटं काय झाडाला लागतात?" असं ऊद मेथामधल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी म्हणायचंच. मी मान डोलवायचे आणि मनातल्या मनात त्या नियमाला हात जोडायचे. माझा एकुलता एक मुलगा फ्रान्समध्ये हॉटेलचा कोर्स करत होता, आणि सहा महिने भरायच्या आत तो हटकून घरी यायचा. नियम नसता तरी आला असता, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

तो नसला की घरात आम्ही दोघंच. नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचा. आठ वाजता घरी यायचा, जेवायचा, बातम्या बघता बघता सोफ्यावरच डुलक्या घ्यायचा. माणूस वाईट नाही, पण दिवसभर यंत्रांशी बोलून त्याचे शब्द संपलेले असत. मी मुलाची खोली रोज पुसायचे. खिडक्या बारा महिने बंद, तरी टेबलावर वाळूचा पातळ थर यायचाच, त्यामुळे पुसायला निमित्त मिळायचं. मला अजिबात करमत नसे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. एसी घर, दोन पगार, पोरगं फ्रान्सला. कोण ऐकून घेणार होतं?

युरो नुकता सुरू झाला होता त्या वर्षीची गोष्ट. मुलगा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला होता, म्हणजे एप्रिल उजाडायच्या आसपास त्याने दुबईत पाऊल टाकायलाच हवं होतं. मार्च लागला तरी तिकिटाचं नाव नाही. शेवटी मीच फोन केला.

"आई, आय कान्ट कम," तो म्हणाला. "ईस्टरला इथला सीझन सुरू होतो. शेफ सोडणार नाही."

"अरे, पण व्हिसाचं काय?"

"आय नो."

एवढंच. त्या 'आय नो'मध्ये काळजीचा मागमूस नव्हता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. शाळेचं वर्ष संपून सुट्टी लागणार होती. मीच जाऊन त्याला घेऊन यायचं ठरवलं.

"खलास, जा तू," नवरा तिथल्या अरबी सवयीने म्हणाला, म्हणजे विषय संपला. "कारखान्यात दुरुस्तीचं शटडाउन आहे, मला हलता येणार नाही. कान धरून घेऊन ये त्याला. चार दिवसांसाठी आला तरी पुरे, एंट्री पडली की झालं." मी माझं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं, आणि परतीच्या विमानात माझ्या शेजारची सीट त्याच्या नावाने घेतली.

मुलगा ज्या हॉटेलच्या किचनमध्ये ट्रेनिंग करत होता ते होतं फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी डोक्यावर, एका डोंगरावरच्या मध्ययुगीन गावात. मी भूगोल शिकवायचे. भूमध्य सागरी हवामान, कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, ऑलिव्ह आणि द्राक्षं, हे मी इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना पढवलं होतं की प्रत्यक्ष बघायची गरजच वाटली नव्हती. नीसहून निघालेली बस वळणं घेत चढायला लागली आणि एका वळणावर ते गाव एकदम दिसलं. कड्याच्या टोकाला चिकटलेली दगडी घरं, आणि खाली निळाशार समुद्र. मी मूळची साताऱ्याची. डोंगरावरच्या तटबंदीचं मला नवल वाटायला नको होतं, तरी क्षणभर सगळं विसरून बघत राहिले. पण गाडी गावात जात नाही, वेशीच्या खालीच थांबते. पुढची चढण बघून दुरून डोंगर साजरे का म्हणतात ते गुडघ्यांना कळलं.

तो बसथांब्यावर आला होता. चौकड्यांची किचनची पँट, हातावर भाजल्याचे दोन नवे डाग. मी त्याला जवळ घ्यायला हात पसरले, आणि त्याने तिथल्या रीतीप्रमाणे माझ्या एका गालाला गाल लावला, मग दुसऱ्या. मला ते ठाऊक नसल्यामुळे माझा चष्मा त्याच्या नाकावर आपटला. दोघंही हसलो. पण मिठी राहिली ती राहिलीच.

वेशीतून आत शिरलो तर गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागेल. माझी बॅग खांद्यावर टाकून तो पायऱ्या भराभर चढत होता. वाटेत पावाच्या दुकानातला माणूस त्याला नावाने हाक मारून काहीतरी म्हणाला. याने फाडफाड फ्रेंचमध्ये उत्तर दिलं आणि दोघं खो खो हसले. एक म्हातारी खिडकीतून वाकून त्याच्याशी बोलली. चित्रं विकणाऱ्या बाईने थांबवून माझी चौकशी केली. घरी फोनवर दोन वाक्यांत आटपणारा माझा मुलगा इथे दर दहा पावलांवर बोलत होता. दुबईत आमच्या बिल्डिंगमध्ये बारा वर्षं राहून आम्हाला समोरच्या दाराआडच्या माणसाचा चेहरा धड माहीत नव्हता. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

त्याने माझी सोय एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत केली होती. स्वतः तो सकाळी किचनमध्ये शिरायचा तो दुपारी तास-दीड तास सुटायचा, आणि पुन्हा रात्रीपर्यंत आत. त्या दुपारच्या वेळात माझ्यासमोर बसून तो जांभया द्यायचा. मला त्याची दया यायची आणि मी व्हिसाचा विषय उद्यावर ढकलायचे.

बाकी सगळा दिवस मी एकटी. त्या गावात दिवसा काय गर्दी! बसेस भरभरून माणसं यायची, लव्हेंडरचे साबण हुंगायची, एकमेकांचे फोटो काढायची. दोन-तीन जोडप्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, म्हणून मीही त्यांचे काढले. माझा काढू का, असं कोणी विचारलं नाही. एका कॅफेच्या ओट्यावर बसून कॉफी मागवली. तीन युरो, म्हणजे दहा दिरहम, म्हणजे एकशे तीस रुपये, असं मी सवयीने मोठ्यांदा म्हणून गेले आणि मग लक्षात आलं, की ऐकायला शेजारी कोणी नाही. संध्याकाळ झाली की बसेस निघून जायच्या आणि गाव एकदम रिकामं व्हायचं. चाच्यांच्या भीतीने माणसं शेकडो वर्षांपूर्वी किनारा सोडून इथे वर येऊन राहिली होती. आता चाचे नाहीत, तर त्यांचे वंशज खाली सपाटीवर गाडीच्या सोयीने राहतात. वर उरली दुकानं, हॉटेलाच्या खोल्या आणि मूठभर घरं. मिटलेल्या लाकडी खिडक्यांच्या गल्ल्यांमधून मी चालत राहायचे. इतक्या जुन्या गावातही शेवटी कोणी राहिलं नाही, असं वाटायचं आणि उगाच रडू यायचं.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्याला म्हटलं, "वर जाऊ या." सगळ्यात उंचावर एका पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वारा सुटला होता, पावसाची एक सर येऊन गेली होती आणि दगड ओले होते. मी पर्समधून त्याचं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं.

त्याने ते वाचलं, नीट घडी घातली आणि परत दिलं. "आई, मी येत नाहीये."

"चारच दिवस. शिक्का पडला की परत ये."

"आणि मग? परत सहा महिन्यांनी? मला इथे जॉब मिळतोय. हॉटेल माझे पेपर्स करणार आहे. दुबईचा व्हिसा कशाला पाहिजे?"

"तुझा जन्म तिथला आहे."

"सो व्हॉट? नोकरी गेली की बाबांनासुद्धा महिन्याभरात निघायला सांगतील. इट्स नॉट अवर्स, आई."

यात चुकीचं काय होतं? मीच तर हे सगळं त्याला वाढवताना हजारदा बोलून दाखवलं होतं. मी म्हटलं, "बाबा चिडतील. पुन्हा व्हिसा काढायचा म्हणजे किती कटकट असते तुला माहीत आहे?"

तो हसला. त्यात कुचकेपणा नव्हता. "आई, मी दर वेळेला व्हिसासाठीच तर यायचो. यू ऑल्वेज सेड, व्हिसा जाईल, ये. मी आलो. आता तो प्रॉब्लेमच राहणार नाही. तुलाही टेन्शन नाही."

कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. समुद्राकडे तोंड करून मी वाऱ्याने डोळ्यांत पाणी आल्याचं नाटक केलं. मग मला स्वतःचाच राग आला. इतक्या लांब येऊन, इतक्या पायऱ्या चढून, अजून मी व्हिसाच्या पदराआड लपणार होते का?

"व्हिसा गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "मला करमत नाही रे तुझ्याशिवाय. ते घर मला खायला उठतं. मला व्हिसा नको होता, तू हवा होतास."

तो काहीतरी बोलेल असं वाटलं. पण माझा लेक त्याच्या बापावर गेलाय. त्याने घड्याळ बघितलं, "शिफ्ट आहे गं," म्हणाला, आणि ओल्या पायऱ्यांवरून माझा हात घट्ट धरून मला खाली घेऊन आला. हॉटेलच्या मागच्या दारापाशी हात सोडताना म्हणाला, "आज रात्री आमच्याकडे जेव. मी सांगून ठेवलंय."

त्या रात्री मी पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथपुढे एकटी बसले. आजूबाजूला सगळी जोडपी, मेणबत्त्या, हळू आवाज. मला मेन्यू दिलाच नाही. एकामागून एक मोठाल्या बशा येत गेल्या, प्रत्येकीच्या मध्यभागी घासभर काहीतरी. वाटाण्याचं गार सूप. लिंबाच्या रसात मुरवलेल्या बडीशेपेच्या गड्ड्याच्या चकत्या. मशरूम घातलेला मऊ भात. मांस-मच्छी तर नव्हतीच, पण मी अंडं खात नाही हेही आत कोणीतरी लक्षात ठेवलं होतं. दर बशीबरोबर वेटर वाकून इंग्रजीत सांगायचा, "फ्रॉम युवर सन, मादाम." पण तो स्वतः बाहेर आला नाही, येऊ शकत नव्हता. दार उघडलं की आतला लखलखीत उजेड, धावपळ आणि भांड्यांचा आवाज यायचा, दार मिटलं की पुन्हा शांतता. पदार्थ फार चांगले होते. इतके चांगले होते की मला कळलं, हा आता इथलाच. पुन्हा 'चल' म्हणायचं नाही, हे मी त्या भाताबरोबरच गिळलं.

सकाळी तो बसथांब्यापर्यंत बॅग घेऊन आला. या वेळी मी चष्मा काढून ठेवला होता. "पोचलीस की मिस्ड कॉल दे," तो म्हणाला. विमानात शेजारची सीट रिकामीच राहिली. तिथे कोणी येणार आहे का, म्हणून एअर होस्टेसने विचारलं, तेव्हा मी मानेनेच नाही म्हटलं आणि त्या सीटवर माझी पर्स ठेवली.

एप्रिल उजाडला आणि त्याचा व्हिसा संपला. काही वाजलं नाही, कोणाचं पत्र आलं नाही. नवरा "खलास" एवढंच म्हणाला आणि बराच वेळ टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसला. सगळा उन्हाळा आम्ही तसाच काढला. मी त्याची खोली आठवड्यातून एकदाच पुसायला लागले. फोन करायचे, तेव्हा जेवणखाण आणि हवामान एवढंच विचारायचे, ये म्हणून एकदाही म्हटलं नाही. एकदा बोलून झालं होतं, आता त्याच्या मागे भुणभुण लावायची नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी एके दुपारी फोन वाजला. त्याचाच. एरवी मीच करायचे, म्हणून आधी घाबरले.

"आई, इथे नोव्हेंबरमध्ये हॉटेल बंद असतं. दिवाळीला येऊ का?"

स्वतःच्या घरी यायला त्याने असं कधी विचारलं नव्हतं. "ये की," मी म्हटलं.

आता तो पाहुणा होता, तेव्हा त्याच्यासाठी व्हिजिट व्हिसा काढावा लागला. स्पॉन्सर वडील, नातं मुलगा. तेव्हा व्हिसाचा मूळ कागद आधी विमानतळावर नेऊन जमा करावा लागे, म्हणजे येणाऱ्याला तो उतरल्यावर मिळायचा. नवऱ्याला कारखान्यातून सुटता येईना, म्हणून मीच टॅक्सी करून गेले. काउंटरवर पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला, एक तरुण मुलगा होता. त्याने कागद उलटसुलट बघितले, शिक्का मारला आणि आपलं गप्पा म्हणून विचारलं, "युवर सन? फर्स्ट टाइम कमिंग टु दुबई?"

त्याचा जन्म तिथून दहा मिनिटांवरच्या इस्पितळातला. ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मी हो म्हटलं. कोणत्याही शिक्क्यासाठी नाही, नुसता मला भेटायला, तो खरोखरच पहिल्यांदा येत होता.