मायच्या बाटलीवरचं लेबल

डॉक्टर म्हणाले, “दोन्ही डोळ्यांत कॅटरॅक्ट आहे, म्हणजे मोतीबिंदू. उजवा पिकलाय. लवकर काढू.”

माय हसली. शुगर सोडली, तर चारचौघांत सांगता येईल असा आजार तिला पहिल्यांदाच झाला होता.

तिला एचआयव्ही आहे, बाबा गेले तेव्हा कळलं. आम्ही मायलेकी देवणीच्या. औषध लातूरलाही मिळतं, पण तिथं ओळखीचं कुणी दिसेल म्हणून ती नांदेडला जाते. परतीच्या एसटीत बसण्याआधी बाटलीवरचं लेबल नखानं खरवडते. तिच्या रांगेतल्या कितीतरी बाया हेच करतात. रिकाम्या बाटलीत ती शुगरच्या गोळ्या ठेवायची. नजर अंधुक झाली तशा दोन्ही बाटल्या सारख्याच झाल्या. एक दिवस एचआयव्हीची समजून तिनं शुगरचीच गोळी पुन्हा घेतली आणि चक्कर येऊन पडली. म्हणून आम्ही लातूरच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात आलो होतो.

ऑपरेशनच्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. नर्सनं मायच्या केसपेपरवर एचआयव्हीची लाल पट्टी चिकटवली. बाकावरच्या बाया लांब सरकून बसल्या. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, “मशीन बिघडलंय. तुम्ही नांदेडलाच दाखवा.” तेवढ्यात मायच्या मागच्या नंबरच्या बाईला हाक मारून आत नेलं.

मायला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

“का हो डॉक्टरसाहेब, ती बाई आत कशी गेली? मशीनबी माणूस बघून बिघडून राहिलंय का?”

मी डॉक्टरांना सांगितलं, तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजता येऊ नये इतकं कमी आहे. हातमोजे आणि निर्जंतुक हत्यारं प्रत्येकच पेशंटला लागतात. एचआयव्हीमुळे उपचार नाकारायला कायद्यानं बंदी आहे. नाकारायचंच असेल तर कारण लिहून, सही करून द्या.

सही कुणी केली नाही. दुपारी मशीन दुरुस्त झालं.

सुट्टी देताना नर्स म्हणाली, “डॉक्टरांचे आभार माना.” मी मानले नाहीत. आपल्या हक्काचं मिळालं तर आभार कशाचे? तुमच्या घरी असं कुणी असेल, तर गयावया करू नका. लेखी मागा.

पुढच्या खेपेला नांदेडच्या स्टँडवर मायनं नवी बाटली डोळ्यांसमोर धरली. सवयीनं मी तिच्या नखाकडे बघत राहिले.

तिनं बाटली लेबलासकट तशीच पिशवीत टाकली. “राहू दे. आता मला वाचाया येतंय.”