तिला कोणी विचारलं नाही

इंग्लंडात काय काय बघितलं असं कोणी विचारलं, की बायको त्या कॅथेड्रलच्या गावाचं सांगते. रंगीत काचा, दगडी खांब, नदीतली बदकं, सगळं कौतुकानं सांगते. माझ्या लेखी मात्र तो दिवस रागाचा आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आम्ही बीडहून मुलाकडे गेलो होतो ते नातवासाठी. सून कामावर परत रुजू झाली होती. मुलाचं ऑफिस तर होतंच. त्यामुळे दिवसभर लेकरू बायकोकडे असायचं. त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं आणि उरलेल्या वेळात चौघांचा स्वयंपाक. आम्ही तीन महिन्यांसाठी गेलो होतो आणि परतीची तिकिटं आधीच काढलेली होती. निघायला पंधरवडा उरला तेव्हा मुलगा म्हणाला, "दादा, एवढ्या लांब आलात आणि काहीच बघितलं नाही. रविवारी तुम्हाला फिरवून आणतो." काहीच का बघितलं नाही, ते त्याला कळायला हवं होतं.

रविवारी आम्ही चौघं लेकराला घेऊन रेल्वेनं गेलो. स्टेशनातून बाहेर पडलो तोच घरांच्या छपरांवरून कॅथेड्रलचा दगडी मनोरा दिसला. गाव जुनं, गल्ल्या अरुंद, लाकडी चौकटींची घरं रस्त्यावर झुकलेली. कॅथेड्रलच्या दारावरच्या पाटीवर बांधकामाचं साल होतं. मी मनात वजाबाकी केली. आपल्याकडे तेव्हा यादवांचं राज्य होतं. आत गेलो आणि मान वर करून बघतच राहिलो. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्य घालवलेला माणूस, मला चूक शोधायची सवय. खांब मोजले, मधली अंतरं नजरेनं ताडून बघितली. कुठे फरक सापडला नाही. खरं सांगायचं तर मी खूश होतो.

बायको मात्र दोन पावलं टाकून थांबली.

"अहो, ह्या फरशीवर काय लिवलंय?"

मी वाकून वाचलं. एक नाव आणि दोन सालं. "एकतीस वर्षांचा माणूस होता. इथं पुरलाय."

तिनं चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. "म्हंजी आपण माणसाच्या अंगावर उभे हाव?"

"आई, हळू बोल," मुलगा म्हणाला.

"हळू कावून? हितं कुणाला मराठी कळतंय?"

मग तिनं आपल्याकडे कुणाला पाय लागल्यावर करतात तेच केलं. खाली वाकून त्या फरशीला हात लावला आणि हात छातीला टेकवला. पुढची फरशी बघितली तर तिथेही नाव. तिलाही हात लावला. मग तिची नजर पार समोरच्या वेदीपर्यंत गेली. मधल्या सगळ्या वाटेत थडगीच थडगी होती आणि लोक बूट घालून, फोटो काढत त्यांच्यावरून चालत होते.

"आई, सगळेच चालतात. त्यांचीच माणसं आहेत, त्यांना चालतंय."

"त्यांला चालत आसंल. मला न्हाई चालत."

तिनं साडी घोट्याच्या वर धरली आणि भिंतीकडेनं, नाव नसलेल्या दगडांवर पाय ठेवत निघाली. साडीखाली सुनेनं घेऊन दिलेले पांढरे बूट. लोक वळून बघत होते. तिथे मदतीला उभी असलेली एक म्हातारी बाई जवळ आली आणि काही अडचण आहे का, असं तिनं मुलाला विचारलं. मला इंग्रजी बोलायला जमत नाही, पण कळतं. मुलगा हसत म्हणाला, की माझी आई खेड्यातली आहे, जरा अंधश्रद्धाळू आहे, माफ करा.

बाईनं मान हलवली आणि ती गेली. मी त्याला बाजूला घेतलं.

"खेडं कोणतं रे? बारावीपर्यंत जिथं शिकलास ते?"

"दादा, तसं नाही. त्यांना कळेल असं सांगावं लागतं."

"मग सांगायचं, आमच्यात मेलेल्या माणसाला पाय लावत नाहीत. एवढं कळलं असतं त्या बाईला. आणि माफी कशाची?"

तो मोबाइल बघायला लागला.

दुपारी आम्ही नदीकाठच्या एका चहाच्या दुकानात बसलो. बायकोला झालेलं ऐकू गेलं नव्हतं. ती नातवाला बदकं दाखवत होती. सून मोकळेपणानं म्हणाली, "आई आहेत म्हणून मी निवांत आहे. पाळणाघरात नंबर लागायला अजून तीन महिने आहेत."

मी म्हणालो, "आम्ही तर पंधरवड्यात निघतोय."

सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. तो चहा ढवळत म्हणाला, "दादा, तुमचं तिकीट आहे तसंच आहे. आईचं मी पुढं ढकललंय. आज सांगणारच होतो. सरप्राइज होतं."

तिकीट आईचं, दिवस आईचे, आणि तिला सरप्राइज. माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, तरी मी थांबलो नाही. "जिची तुला मघाशी लाज वाटत होती, तिच्याच हातात तीन महिने लेकरू द्यायचं? तेव्हा ती खेड्यातली नाही का?"

"कसली लाज?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं. सगळं, शब्द न बदलता.

ती बराच वेळ नातवाच्या तोंडाला लागलेला पाव पुसत राहिली. मग म्हणाली, "इचारलं आसतंस तर ऱ्हायले आसते. लेकरासाठी कोण न्हाई म्हणतंय? पण तू इचारलंच न्हाई. आता मी यांच्यासंग जाणार. ते तिकीट होतं तसं कर."

"आई, हट्ट करू नको."

"हट्ट तर हट्ट."

सुनेचे डोळे भरून आले. आईला न विचारता तिकीट बदललंय हे तिला माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. परतीच्या गाडीत बायको खिडकीकडे बघत हळूच मला म्हणाली, "तुमाला मधी पडायचं काय कारण होतं? माझं मी बोलले आसते." म्हणजे ती माझ्यावरही चिडली होती.

तिचं तिकीट पुन्हा आधीच्याच तारखेचं झालं. आम्ही दोघं बीडला आलो. महिन्याभरानं मुलाचा फोन आला. पाळणाघरातला नंबर अजून लांबला होता. या वेळी त्यानं नीट विचारलं, "आई, येशील का? तुला जमंल का?" ती म्हणाली, "इचार करून सांगते," आणि आठवडाभर त्याला ताटकळत ठेवलं.

मी म्हणालो, "सरळ नाही म्हण."

"त्यानं मला इचारलंय. तुमाला न्हाई."

पुढच्या महिन्यात ती जाते आहे. जायची आणि यायची, दोन्ही तारखा तिनंच ठरवल्या. तेवढे दिवस मी घरी एकटा कसा राहणार, हे मात्र मला अजून कोणी विचारलेलं नाही.