दाजी, आरसा आणि आग्या मोहोळ

आमच्या दाजींइतका सावध माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. हे वाक्य माझ्या सासरच्या गोतावळ्यात कुणी वाचलं तर पोट धरून हसेल. तिथं दाजी म्हणजे आपल्या वेडापायी धाकट्या साडूला डोंगरावर मारायला निघालेला माणूस. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ही गोष्ट रंगवून सांगितलेली मी ऐकली आहे. त्यातला मरता मरता वाचलेला धाकटा साडू म्हणजे मी. दर वेळी मी मान डोलावत आलो. आता दाजी नाहीत, मीही ऐंशी ओलांडली, आणि गोष्ट सांगणारी पोरं तर त्या वेळी जन्मलीही नव्हती. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. बायको दाजी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. ते मात्र मला शेवटपर्यंत ‘पावणं’च म्हणाले, मला आईबापांनी नाव ठेवलंय हे त्यांना बहुधा मान्यच नव्हतं. कागलकडच्या शेतकरी घरातले, मॅट्रिक झालेले, कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. कुठल्याशा जुन्या पुस्तकातून त्यांनी ब्राह्मी लिपी उचलली होती आणि हात वळावा म्हणून ते गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, त्याच अक्षरांत खुणा करत. एकदा ते तापानं घरी राहिले आणि अडतीवरच्या कुणालाच कुठला माल कुणाचा ते कळेना. शेवटी मालक रिक्षा घेऊन दारात आला. “दिवाणजी, मरायचं असंल तर आधी मराठीत लिवून मरा,” असं त्यानं उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं. दाजी अंगावर चादर घेऊन गेले आणि सगळे रवे वाचून दाखवून परत येऊन झोपले.

सावधपणा म्हणाल तर हा माणूस दुसऱ्याच्या घरी पाणी पिण्याआधी तांब्यात डोकावून बघायचा. खुर्ची हलवल्याशिवाय बसायचा नाही. डोंगरात जायचं तर दोन बॅटऱ्या, त्या दोन्ही बिघडल्या तर मेणबत्ती. आगगाडीला चढ लागला की बाकावरून उठून उभे राहत. “इंजनाला तेवढाच आधार,” म्हणत, आणि हे ते चेष्टेनं म्हणतात की मनापासून हे मला कधीच कळलं नाही. वाचनात चुकत मात्र भरपूर. पन्हाळ्याच्या बाजूला एका खडकावरच्या रेघांत त्यांनी एका राजाचं अर्धं नाव वाचलं होतं. त्या रेघा मेंढक्यांनी विळे घासून पाडल्या होत्या असं मागाहून निघालं. ही फजिती ते स्वतःच सगळ्यांना सांगत. “पण राजा चांगला व्हता,” असा शेवट करत.

तर कऱ्हाडच्या पलीकडे डोंगरात एक लेणं आहे. दाजी तिथं एकदा एकटेच जाऊन आले होते. आतल्या खोलीच्या भिंतीवर त्यांना अक्षरांची एक ओळ हाताला लागली होती, पण डोळ्यांना दिसेना. बॅटरीचा उजेड समोरून पडला की दगड सपाट होतो, अक्षर मिटतं. उजेड बाजूनं, तिरपा पाहिजे, आणि तो उन्हाचाच पाहिजे. त्यावर त्यांनी उपाय काढला तो म्हणजे अक्कांच्या कपाटाच्या दाराचा आरसा. लेण्याबाहेर एकानं आरसा धरायचा आणि उन्हाचा कवडसा आत सोडायचा. दुसऱ्यानं आत वाचायचं. ती ओळ अजून कुणी वाचलेली नाही, याची त्यांनी चार जाणत्यांकडे चौकशी करून खात्री केली होती. रात्रंदिवस तोच विषय. सासूबाईंनी शेवटी मला फर्मावलं, “त्यांना एकट्याला सोडायचं नाही. तुम्ही जावा.” धाकट्या जावयाला अशा वेळी तोंड नसतं.

ब्रॉडगेज येऊन थोडीच वर्षं झाली होती. कोल्हापूरहून कऱ्हाडला एस.टी. सरळ आणि लवकर जाते, पण एस.टी.त आरसा फुटेल म्हणून पॅसेंजर गाडी ठरली. दिवाळी नुकतीच सरली होती. घोंगड्यात गुंडाळलेला तो आरसा पाठीला बांधून दाजी फलाटावर उभे होते. मी जवळ गेलो तर नमस्कार नाही, काही नाही, त्यांनी पुढं वाकून चारचौघांत माझं डोकं हुंगलं.

“वासाचं तेल लावलंसा?”

“हिनं लावलं.”

“पावणं, वर आग्या मोहोळ हाय. लेण्याच्या कपाळालाच लोंबतंय. त्याला वास न्हाय चालत, धूर न्हाय चालत. सांगितलं न्हवतं व्हय मी?”

सांगितलं होतं. मीच घरी बोललो नव्हतो. मिरजेला गाडी थांबल्यावर त्यांनी मला नळाखाली बसवलं, कागदाच्या पुडीतली शिकेकाई काढली आणि फलाटावरच्या हमालांसमोर आपल्या हातानं माझं डोकं चोळलं. एक हमाल म्हणाला, “पोरगी बघायला चाललाय वाटतं!” मी सरकारी नोकरीतला, पाटबंधारे खात्याचा कारकून. ओल्या डोक्यानं डब्यात परत आलो तेव्हा माझ्या मनात दाजींविषयी चांगला विचार एकही नव्हता. कऱ्हाडच्या स्टँडवर ते बसची चौकशी करायला गेले तेवढ्यात मी एक सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी घेऊन आतल्या खिशात टाकली. ओढायची होती असंही नाही. त्यांना नको होती म्हणून घेतली.

बसमध्ये माणसं दाराला लोंबकळत होती आणि आरसा मधल्या वाटेत उभा. घोंगडं एका कोपऱ्यातून घसरलं आणि काच दिसू लागली, तसं आमच्या आजूबाजूचे सगळे भांग पाडू लागले. दर खड्ड्याला दाजी दोन्ही हातांनी आरशाला कवटाळत आणि डोळे मिटत. कंडक्टर म्हणाला, “पावणं, नवरी हाय काय त्यात?” दाजी म्हणाले, “तिकीट मागू नका म्हंजे झालं.” अख्खी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रात्री पायथ्याच्या गावात देवळात झोपलो आणि दुसऱ्या दिवशी जेवण करून वर निघालो, कारण लेण्याचं तोंड मावळतीला. ऊन दुपार कलल्यावरच समोर येतं.

वाट अरुंद होती, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली दरी. वारा आला की पाठीवरचा आरसा शिडासारखा दाजींना दरीकडं ओढायचा. ते बसून घेत, वारा पडला की उठत. मला म्हणाले, “पावणं, तुम्ही कड्याला हात लावून या. माझ्याकडं बघू नका, भीती वाटंल.” मोहोळ मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथून. लेण्याच्या कपाळाखाली पखालीएवढं काळं काहीतरी लोंबत होतं, आणि त्यावरून मधूनमधून एक लाट सरकत जात होती, जनावर कातडी थरथरवतं तशी. आम्ही त्याच्याखालून, श्वास धरून, अनवाणी पुढं सरकलो. चपलांचा आवाज नको म्हणून त्या दाजींनी आधीच पिशवीत टाकायला लावल्या होत्या.

लेण्यासमोर एक छोटं मोकळं अंगण होतं, त्यापुढं दरी. तिथं एका दगडाला टेकवून आरसा उभा केला. दाजींनी घोंगडं खांद्यावर टाकलं, मला कुठं बसायचं, काच किती कलती धरायची ते दाखवलं आणि बजावलं, “कवडसा दाराच्या वर जाऊ द्यायचा न्हाय. मोहोळावर आरशाची तिरीप पडली तर खवळंल.” मग ते आत गेले. मी आरसा हलवला. उजेडाची एक चौकट अंगणातून सरपटत गेली, दारातून आत शिरली आणि काळोखात दिसेनाशी झाली.

“डावीकडं घ्या. आणि थोडं. बास, बास! धरा!”

नंतर आतून एकेक अक्षर येऊ लागलं. चाचपडत, मागं जात, पुन्हा पुढं येत. मी गुडघ्यानं आरशाला आधार देऊन बसलो होतो. पाय बधिर झाले होते, वरून ऊन होतं, आणि मिरजेच्या फलाटावरचं हसू अजून कानात होतं. माझे हात मोकळे होते. मी सिगारेट काढली.

दोन-तीन झुरके झाले असतील. आतून दाजी ओरडले, “पावणं, बाई हाय! दान देणारी बाई हाय! कुणाची तरी लेक म्हणून लिवलंय. थांबा, आता नाव येतंय, हलू नका!”

कानाशी काहीतरी गुणगुणलं. मी हात झटकला. वर पाहिलं तर धुराची बारीक रेघ कड्याला चिकटून सरळ वर गेली होती आणि तो काळा लोळ लोंबायचा थांबून उकलू लागला होता. पाठोपाठ आवाज आला, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तसा. मी उठलो. आरसा घसरला आणि खळ्ळकन फुटला. मानेवर पहिला डंख बसला आणि मी पळालो. कुठं, ते मला ठाऊक नव्हतं. दरीकडं पळत होतो.

दाजी आतल्या खोलीत होते. त्या काळोखात माश्या गेल्या नसत्या. तिथंच बसून राहिले असते तर त्यांना एकही डंख झाला नसता. ते बाहेर आले. माझा सदरा मागून धरून त्यांनी मला खाली पाडलं, तेव्हा माझा एक पाय कडेच्या बाहेर होता. घोंगडं माझ्यावर टाकलं, कडा खाली दाबून घेतल्या आणि वर स्वतः पालथे पडले. घोंगडं एका माणसापुरतंच होतं.

“मेल्यागत पडा,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “बोलू नका. श्वास हळू.”

प्रत्येक डंखाला त्यांचं अंग दचकत होतं ते मला घोंगड्यातून कळत होतं. तोंडातून हूं की चूं नाही. ऊन उतरलं, गार वारा सुटला, मग कधीतरी आवाज वर वर जात थांबला. मी बाहेर आलो तेव्हा दाजींना चेहरा असा उरला नव्हता. डोळे सुजून मिटले होते. सिगारेटचं थोटूक माझ्या पायाशी पडलं होतं, ते मी पायानं दरीत लोटलं. त्यांना दिसत नव्हतंच.

हाताला धरून मी त्यांना खाली उतरवलं. वाटभर तो माणूस माझी माफी मागत होता. “पावणं, माझी चूक झाली. कवडसा वर गेला असंल. तुमच्यासारख्या नवख्या माणसाला तिथं बसवायलाच नको व्हतं. तुमच्या बायकोला काय तोंड दाखवलं असतं मी?”

आणि मी म्हणालो, “असू द्या, दाजी.”

या गोष्टीत सांगण्यासारखं आहे ते एवढंच. मी खोटं बोललो नाही. मी त्यांना क्षमा केली.

कोल्हापुरात दवाखाना झाला, ताप उतरला. मग सासूबाईंनी सगळ्यांना जमवलं. मला दोन डंखांबद्दल शिरा मिळाला. दाजींना उभं करून विचारलं, “माझी धाकटी लेक पांढऱ्या कपाळानं बसली असती, तर?” ते हात जोडून उभे होते. पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही अशी शपथ त्यांच्याकडून अंबाबाईच्या देवळात घेतली. मी तिथं हजर होतो. त्यांनी शपथ घेतली आणि पाळली. गुळाच्या रव्यांवर नंतर मराठीत आकडे दिसू लागले. सुट्टीच्या दिवशी ते अक्कांना भाजी निवडून देत. लग्नाकार्यात पोरं विचारत, “दाजी, आरसा आणलाय का?” दाजी सगळ्यांत मोठ्यानं हसत.

मी सांगितलं ते फार उशिरा. ते कागलला गावच्या घरी राहायला गेले होते, गुडघे गेले होते, काठी आली होती. मी मुद्दाम बसनं गेलो. बाहेरच्या कट्ट्यावर शेजारी बसून सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

“बिडी व्हती का शिगरेट?”

“सिगारेट.”

“म्हंजे कवडसा वर गेला न्हवता.”

“नाही, दाजी. तुम्ही सांगितलं तिथंच धरला होता.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “तरीच! अक्षरं अशी उठली व्हती, पावणं, अशी! मी म्हटलं, एवढा बरोबर उजेड आणि चूक कशी झाली?” अक्का चहा घेऊन आल्या, तसं ते सहज म्हणाले, “पावण्यांनी शिगरेटी सोडल्या म्हणत्यात.” अक्का म्हणाल्या, “बरं केलंसा.” त्या आत गेल्यावर दाजी हळूच म्हणाले, “कुणाला सांगू नका आता. गोष्ट चांगली जमल्या, पोरं हसत्यात. तुमची उगंच शोभा.”

मी निघालो. ते काठी टेकत फाट्यापर्यंत सोडायला आले. बसची वाट बघत उभे राहिलो. मग ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “म्हंजे त्याच हिवाळ्यात परत जाता आलं असतं की.”

रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हिशेब करत होते, कुठल्या महिन्यात ऊन किती आत येतं याचा.

“पौषात,” ते म्हणाले. “पौषात ऊन आणखी खाली उतरतं.” काठी बगलेत धरून, दुसरा हात जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा धरून, उजेड कुठवर आला असता ते त्यांनी मला वाकून दाखवलं. बस येऊन उभी राहिली तरी तो हात तसाच होता.