वेदाबाईंचा थॉमस

आमच्या घरी नवीन पाहुणा आला की माझ्या मुली त्याला आधीच बजावतात, "आईपाशी थॉमसचं नाव काढू नका, जेवण गार होईल." त्यांचं काही चुकत नाही. पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं आम्ही पाच माणसं पनवेलच्या एका व्हरांड्यात दर गुरुवारी दुपारी जमायचो, ते तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका इंग्रजाची चौकशी करायला! माणूस एकच, पण त्याच्यापायी किस्से इतके साठले की एक सांगायला घेतला की दुसरा आपणहून पुढे येतो. आज मोजकेच सांगते. निदान तसं ठरवलंय.

* * *

मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा पास झाले आणि घरी बसले. पनवेलात तेव्हा मुलीला टायपिस्ट म्हणून कोण ठेवणार? मग एक दिवस आमच्या डॉक्टरांचा निरोप आला, की लाइन आळीच्या मागे राहणाऱ्या अमेरिकन बाईंना पत्रं वाचून दाखवायला आणि टाइप करून द्यायला कोणीतरी हवं आहे.

या बाई म्हणजे मिस वेदरली. आपट्याच्या बाजूच्या गावांतून वीस-बावीस वर्षं नर्स म्हणून हिंडल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. 'वेदरली' कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने त्यांची वेदाबाई केली. आता त्यांची नजर अधू होत चालली होती.

मी वाटेत इंग्रजी वाक्यं जुळवत गेले. दारात पोचले तर बाईच म्हणाल्या, "डॉक्टरनी धाडलेली पोर ती तूच ना? आत ये. मना बरोबर दिसत नाय."

मी बघतच राहिले. बाई मराठी शिकल्या त्या पेशंटांकडून, आणि पेशंट सगळे खाडीकाठचे नि डोंगराच्या पायथ्याचे. पुस्तकी मराठी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

त्यांनी एक इंग्रजी पत्र हातात दिलं. वाचताना मध्येच इंग्लंडातल्या एका परगण्याचं लांबलचक नाव आलं. मी त्यातलं एकेक अक्षर उच्चारून ते नाव पार पाडलं. मला काय ठाऊक, त्यातली निम्मी अक्षरं गिळायची असतात! बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लिवलंय तेवढं सगळं वाचतेस. मना तशीच मानूस पायजे."

माझी पहिली नोकरी ही अशी एका चुकीवर लागली.

* * *

कामाचं कारण त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितलं, तेही पत्र सांगता सांगता मध्येच थांबून.

त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष थॉमस. इंग्लंडातल्या एका खेड्यातून जहाजाने अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक. घराण्याची एक छोटी पुस्तिका कोणा चुलतभावाने छापली होती. तिच्यात म्हटलं होतं, की थॉमस आपली बायको जोन हिला गावी टाकून गेला आणि तिकडे अमेरिकेत त्याने दुसरा संसार मांडला.

बाई नऊ वर्षांच्या असताना त्यांचे वडील घर सोडून गेले होते. दुसऱ्या गावी त्यांनी दुसरं लग्न केलं. आई म्हणायची, वेदरलींच्या रक्तातच आहे हे, पहिल्यापासून. बाई पुढे बोलल्या, त्यांनी लग्न केलं नाही ते याच भीतीने. आपणही कोणाला तरी टाकून जाऊ, असं त्यांना वाटायचं.

"आता म्हातारी जाले," त्या म्हणाल्या. "पन तो खराच तसा व्हता का, ते मना कलाया पायजे."

मी टाइपरायटरवर कागद सरळ करत बसले. तो आधीच सरळ होता.

* * *

इंग्लंडातून पहिली फोटोस्टॅट आली, तेव्हा मी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि बाईंना सांगितलं, की हे इंग्रजी नाहीच, चुकून भलताच कागद आलाय. बाईंनी भिंग लावून पाहिलं. त्यांनाही एक शब्द लागेना. ते होतं चर्चमधलं नोंदीचं पान, तीनशे वर्षांपूर्वीच्या हस्ताक्षरातलं.

बाईंनी नाना सोहोनींना बोलावलं. नाना मामलेदार कचेरीच्या रेकॉर्डमधून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं मोडी कागद वाचलेले. इंग्रजी मात्र बेताचंच. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "यात थॉमस कुठेतरी असेलच ना? मग झालं तर."

त्यांनी वाचायचा प्रयत्नच केला नाही. आधी थॉमस शोधला. त्यातून सहा अक्षरं मिळाली. ती कोऱ्या कागदावर ओळीने काढून ठेवली, नव्या कारकुनाला मोडी शिकवताना करायचे तसं. मग जोन. मग महिन्यांची नावं. या लिपीतला 'ई' पाठ फिरवून बसतो, 'एच'चा पाय ओळीखाली लोंबतो, 'एस' उभा राहिला की 'एफ'सारखा दिसतो, असं एकेक त्यांनी पकडलं. पंधरा दिवसांत तक्ता पुरा झाला.

पुढे रीतच पडली. नाना एकेक अक्षर सांगायचे, मी त्यांचा शब्द जुळवायचे आणि बाई त्याचा अर्थ सांगायच्या. नानांना भाषा येत नव्हती, मला लिपी येत नव्हती, बाईंना दिसत नव्हतं. तिघांत मिळून एक साक्षर माणूस झाला होता.

त्या पानावर थॉमस आणि जोन यांच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. नानांनी पोराचं नाव वाचलं आणि खिशातून खडीसाखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. बारसं म्हणे!

* * *

परदेशी टपाल फार येतं म्हणून एकदा एक हवालदार चौकशीला आला. कोणा थॉमस नावाच्या इसमाची माहिती इथे गोळा होते, हे खरं का, असं त्याने विचारलं. नाना म्हणाले, खरं आहे. हा इसम सध्या कुठे असतो? नानांनी सरळ सांगितलं, की तो वारला. कधी? तीनशे वर्षांपूर्वी.

हवालदाराने थोडा विचार केला आणि वहीत लिहिलं. मी खुर्चीमागून डोकावले. लिहिलं होतं, 'संशयित इसम मयत. चौकशी बंद.'

जाताना त्याने नानांना विचारलं, आमच्या आजोबांच्या जमिनीचा एक मोडी कागद आहे, वाचून द्याल का? पुढच्या गुरुवारी तो कागद घेऊन आलासुद्धा.

* * *

मोहल्ल्यातले हमीदभाई आमच्यात आले ते पुस्तकाच्या बांधणीसाठी. बाईंकडे घराण्याचं जुनं बायबल होतं. त्याचा पुठ्ठा सुटला होता. हमीदभाईंनी तो बोटांनी चाचपला आणि सांगितलं, की आपा, या पुठ्ठ्याच्या पोटात कागद आहे. जुने जिल्दसाज पुठ्ठा जाड करायला रद्दी कागद आत चिकटवायचे, फेकत काही नसत.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. थॉमसचं पत्र असेल! उघडायचं की नाही, हे बाईंना ठरवता येईना. शेवटी त्या हो म्हणाल्या. हमीदभाईंनी ओल्या फडक्याने अर्धा तास शेकून तो थर उलगडला.

आत एक चिठोरं होतं. नानांनी ते वाचलं. पुस्तकाची लांबी, रुंदी आणि कातडं किती कापायचं, त्याची मापं. बस, एवढंच. बाई परत खुर्चीत जाऊन बसल्या.

हमीदभाई मात्र ते चिठोरं हातात घेऊन हसत होते. "माझ्याच धंद्यातला आहे," ते म्हणाले. "मीसुद्धा माप असंच लिहितो, कोपऱ्यात. हा कोण असेल बिचारा?"

बायबल नव्याने बांधून आलं, तेव्हा त्यांनी ते चिठोरं परत पुठ्ठ्यात ठेवल्याचं सांगितलं. शेजारी आणखी एक चिठ्ठी ठेवली होती. त्यावर नवं माप होतं आणि खाली 'हमीद, पनवेल'.

* * *

सकूबाय खाडीपलीकडच्या गावातून डोक्यावर पाटी घेऊन मीठ विकायला यायची. बाईंनी तिची दोन बाळंतपणं केली होती, म्हणून तिचा मुक्काम व्हरांड्यात जास्त. आमचं चाललेलं ती ऐकत असायची, पण बोलायची नाही.

एका गुरुवारी, थॉमस अमेरिकेत जिथे राहिला त्या गावच्या कारकुनाकडून एका जुन्या अर्जाची नक्कल आली होती. थॉमसने गावाच्या पंचांना तो केला होता. तो समुद्रकाठी मीठ पिकवत होता आणि लागोपाठ तीन उन्हाळे त्याचं मीठ बुडालं होतं. पावसाआधी ते उचलून होत नाही, अशी त्याची तक्रार होती. मी हे मराठीत सांगितलं, तशी सकूबायने पाटी खाली ठेवली.

तिने प्रश्नच विचारायला सुरुवात केली. खाजणाची, भरतीच्या पाण्याखालची जमीन कसली होती? तळ पायांनी तुडवून घट्ट केला होता का? ढग आल्यावर मीठ वाहायला बरोबर कोण होतं? कोणीच नव्हतं, असंच त्या अर्जात होतं.

सकूबाय म्हणाली, "मग यो मानूस एकटा व्हता. मीठ काय एकट्याचा काम हाय? बाप्यानं वढायचा नि बायकोनं वाहायचा. दुसरी बायको असती त मीठ कशाला बुरला असता?"

पुस्तिका छापणाऱ्या शिकलेल्या चुलतभावाला जे सुचलं नव्हतं, ते सकूबायला एका अर्जावरून दिसलं होतं. बाईंनी मला तिथल्या तिथे कारकुनाला पत्र टाइप करायला सांगितलं, की थॉमसच्या दुसऱ्या लग्नाची नोंद आहे का, ते कृपा करून पाहावं.

उत्तराला पाच महिने लागले. नोंद नव्हती. सोळा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून बापाकडे आल्याची मात्र होती. आणि बाईंना उपयोग होईल म्हणून कारकुनाने सोबत थॉमसच्या मृत्युपत्राची फोटोस्टॅट पाठवली होती.

* * *

ते मृत्युपत्र वाचायला आम्हाला तीन गुरुवार लागले. अक्षर फार वाईट, जागोजागी शाई फुटलेली. घाई कोणीच केली नाही. खरं सांगायचं तर शेवटाची सगळ्यांना धास्ती होती.

घर मुलाला. लोखंडी काहील आणि मिठाची दंताळी मुलाला. मग नाना एकेक अक्षर सांगू लागले आणि मी जुळवू लागले, तो शब्द निघाला 'जोन'.

खालची खोली, चुलीजवळचा पलंग आणि परसातली झाडं माझी बायको जोन हिला, ती हयात असेल आणि कधी इकडे येईल तर. ती आली नाही, तर ती का आली नाही म्हणून कोणी तिला दोष देऊ नये.

नानांनी चष्मा काढला. हमीदभाई अंगणाकडे बघत होते. जोन का आली नाही, हे कुठल्याच कागदात नव्हतं, पुढेही कधी मिळालं नाही.

सकूबायने मला विचारलं, काय लिवलंय? मी सांगितलं. ती बाईंच्या जवळ जाऊन बसली आणि त्यांचे पाय चेपू लागली.

आज या सगळ्यांची आठवण येते तेव्हा वाटतं, मला काय म्हणून हे मिळालं? नंतर मी कोर्टात टायपिस्ट झाले. तिथे वकील लोक माझी नक्कल न तपासता सही करायचे. अक्षरन् अक्षर तपासून टाइप करायची सवय मला त्या व्हरांड्याने लावली. नानांनी लिपी ओळखायला शिकवलं, हमीदभाईंनी वस्तूला हात कसा लावायचा ते. सकूबायकडून काय घेतलं ते मला सांगता येत नाही, पण घेतलं खूप. बाईंनी या सगळ्यांना एका चटईवर बसवलं, आणि त्यात मलाही जागा दिली.

* * *

मृत्युपत्रानंतर महिनाभर बाईंनी एकही पत्र सांगितलं नाही. मग एका गुरुवारी म्हणाल्या, कागद लाव. पत्र त्यांच्या सावत्र बहिणीला होतं, वडिलांच्या दुसऱ्या बायकोच्या मुलीला. तिचं नाव रूथ. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, कधी ओळही लिहिली नव्हती. पत्र चार ओळींचं झालं. मी कोण, कुठे असते, आपले वडील एकच होते, आणि मला आता नीट दिसत नाही.

उत्तर आलं नाही. दोन महिने गेले, चार गेले. बाईंनी विचारायचं सोडलं. मी मात्र पोस्टात जाऊन विचारून यायचे.

मग एका दुपारी मी एस.टी. स्टँडवरून येत होते, तर पुढे सकूबाय चालली होती. डोक्यावर पाटीच्या जागी चामड्याची मोठी बॅग. तिच्यामागे, टोपी घातलेली एक उंच, पिकल्या केसांची गोरी बाई मुकाट्याने चालत होती. मी धावत जाऊन सकूबायला गाठलं. विचारलं, ही कोण, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, कोनी नाय. गाडीतून उतरली ती वेदाबाईसारखीच उतरली.

आम्ही व्हरांड्यात पोचलो. बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली. रूथ पायरीशीच थांबली. दोघींत चार हातांचं अंतर होतं. मी मध्ये पडून ओळख करून देणार होते, पण सकूबायने माझा हात धरला.

मग बाई बोलल्या. मी त्यांना हजारो पत्रं इंग्रजीत सांगताना ऐकलंय, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून आलं ते आमच्या खाडीकाठचंच.

"जेवलीस का गो?"

रूथने टोपी काढून हातात धरली. मराठीचा एक शब्दही तिने जन्मात ऐकलेला नव्हता. ती इंग्रजीत म्हणाली, "नाही, अजून नाही."