मास्तरचं स्थळ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले उपेंद्र आजगावकर अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि तो खेळ एकदाही धड पाहिलेला नव्हता. ही गोष्ट २००४ सालची. शारजातल्या अल नहदामध्ये आम्ही एकाच मजल्यावर राहायचो, दारासमोर दार. त्यामुळे त्यांच्या घरातलं काहीही मला कळायला उशीर लागत नसे, आणि लागला तर मला रागच येई.

उपेंद्रभावजी दुबईच्या एका एअर कंडिशनिंग कंपनीत इंजिनियर. पण त्यांची खरी कीर्ती मंडळातली. मराठी मंडळाचं वधू-वर सूचक खातं पंधरा वर्षं त्यांच्याकडे होतं. शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये एखादा तरी मुलगा अवघडून बसलेला असायचा. भावजी त्याचा बायोडेटा हातात घेत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "हे एक वर्ष कुठे गेलं?" बारावी आणि डिग्री यांच्यामध्ये एखादं वर्ष जास्तीचं दिसलं की त्यांचं बोट बरोबर तिथेच जायचं. मुलगा घाम पुसायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "वहिनी, मुलीच्या बापाने नको का विचारायला?"

त्यांचा एकुलता एक मुलगा सुजीत. शारजातच वाढला, पोटापुरतं मराठी आणि बाकी सगळं इंग्लिश. दोन वर्षांपूर्वी तो ओहायोला मेकॅनिकल इंजिनियरिंग करायला गेला आणि भावजींच्या बोलण्यात दर तिसरं वाक्य 'आमचा सुजीत' असं सुरू व्हायला लागलं. दर शुक्रवारी संध्याकाळी, त्याची सकाळ असे तेव्हा, त्याला फोन लागायचा. फोन स्पीकरवर. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने हॅलो म्हणायचं, ही तिथली पद्धतच होती.

पण आदल्या डिसेंबरपासून पोरगं बोलेना. "जेवलास का?" "याह." "अभ्यास?" "फाइन." "थंडी?" "ओके." आणि बाय. त्याची आई हेमा फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. भावजी म्हणायचे, परीक्षा असेल. फेब्रुवारीतही परीक्षाच होती म्हणे, आणि मार्चमध्येही. एका शुक्रवारी हेमा मला म्हणाली, "वैभवी, माझा मुलगा मला परका वाटायला लागलाय गं."

मग एप्रिल उजाडला आणि एका फोनवर, बाय म्हणायच्या आधी, सुजीत आपणहून एक वाक्य बोलला. "बाबा, अवर टीम रिअली नीड्स अ रिसीव्हर."

अवर टीम म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधली त्याची आवडती टीम. एवढ्या एका वाक्यावर भावजी कामाला लागले. ऑफिसच्या प्रिंटरवर गठ्ठा छापून आणला, आठवडाभर वाचला आणि पुढच्या शुक्रवारी आम्हाला शिकवायला बसले. लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलणारा गडी म्हणजे रिसीव्हर. दरवर्षी एप्रिलमध्ये मोठ्या टीम कॉलेजातली पोरं निवडतात, पाळीपाळीने. जी टीम आदल्या वर्षी सगळ्यात जास्त हरली, तिला पहिली निवड. या सगळ्याला ड्राफ्ट म्हणतात.

"म्हणजे वधू-वर मेळावाच की," माझा नवरा शैलेंद्र म्हणाला. भावजींचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. पंधरा वर्षांचा अनुभव होता त्यांना. अमेरिकेच्या टीमला योग्य मुलगा मिळवून देणं त्यांना काही अवघड वाटलं नाही.

सुजीतच्या टीमची पाळी येईपर्यंत उरतील अशी तीन पोरं निघाली. त्यांची नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून शैलेंद्रने बारसं केलं. एक होता लंबू: सव्वासहा फुटांचा, हात वर केला की चेंडू त्याचाच. दुसरा सुसाट: वाऱ्यासारखा पळणारा, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. तिसरा मास्तर, कारण त्याचे वडील शाळामास्तर. उंची बेताची, वेग बेताचा, पण सांगितलेल्या जागी सांगितलेल्या क्षणी हजर. त्याची एकच गोष्ट वाईट होती. कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात, अगदी शेवटी, समोर कुणी नसताना त्याच्या हातातला चेंडू सुटला. सामना गेला. साऱ्या देशाने तो टीव्हीवर पाहिला.

पुढचे दोन शुक्रवार आजगावकरांकडे दुसरा विषय नव्हता. तळमजल्यावरचे गुणवंत सोनकुसरे बँकेतले, ते सुसाटच्या बाजूने. शैलेंद्र आणि भावजी लंबूच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला जावई कुणी करेल का, असं भावजींनी विचारलं. करतात की, सोनकुसरे म्हणाले, नोकरी चांगली असेल तर करतात. हेमाने लंबूच्या घरी कोण कोण असतं याची चौकशी केली. मी म्हटलं, तुम्हा सगळ्यांना ऊन लागलंय. पण खरं सांगायचं तर मलाही मजा यायला लागली होती, कारण फोनवर सुजीत बोलायला लागला होता. वाद घालायला लागला होता. फक्त मास्तरचा विषय निघाला की त्याचा आवाज चढायचा.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शेवटची बैठक भरली. हेमाने साबुदाणावडे तळले होते. फोन टीपॉयच्या मध्यभागी, स्पीकर चालू. भावजींनी अध्यक्षासारखा घसा खाकरला आणि निकाल सांगितला: आमच्या मते लंबू.

"व्हाय नॉट हिम?" सुजीतने विचारलं. हिम म्हणजे मास्तर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भावजी आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाले, "मुलगा चांगला आहे रे. पण ऐन वेळी हातातून सुटलं त्याच्या. रेकॉर्डवर आलं ते. डाग तो डाग."

शैलेंद्रनेही री ओढली. म्हणाला, टीम रिस्क कशाला घेईल, त्यांच्याकडे ऑप्शन आहेत. सोनकुसऱ्यांनी वडा खाता खाता मान हलवली.

"वन ड्रॉप, काका," सुजीत म्हणाला. "फोर इयर्स ही कॉट एव्हरीथिंग. वन ड्रॉप अँड ही इज फिनिश्ड? आय फेल्ड टू सब्जेक्ट्स लास्ट सेमिस्टर. सो व्हॉट, आय ॲम फिनिश्ड टू?"

हेमा हातात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. सोनकुसऱ्यांनी अर्धा वडा हळूच बशीत ठेवला. मंडळातले आम्ही तिघं त्या खोलीत बसलो होतो, आणि भावजींनी पंधरा वर्षं परक्यांच्या पोरांना जे विचारलं, त्याचं उत्तर त्यांच्याच टीपॉयवरून आलं होतं. मला वाटलं, हे आता फोन उचलून स्पीकर बंद करतील. माझ्या मनात त्या माणसासाठी धास्ती होती आणि खरं सांगते, थोडा आनंदही. आता विचारा म्हणावं, वर्ष कुठे गेलं.

भावजींनी स्पीकर बंद केला नाही. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"दोनच ना?" ते म्हणाले. "मी इंटरला तीन विषयांत गेलो होतो."

भावजी बोटांवर मोजायला लागले.

"केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स. राहिलं काय मग? एक वर्ष घरी बसलो. माझ्या बायोडेटात ते वर्ष कुठेच नाहीये. तुझ्या आईलाही आत्ताच कळतंय."

"मला माहीत होतं," हेमा म्हणाली. "लग्नाच्या आठवड्यातच वन्संनी सांगितलं होतं."

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. तेवीस वर्षं लपवलेली गोष्ट ज्याच्यापासून लपवली त्याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असली, की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग सोनकुसरे फोनकडे वाकले आणि म्हणाले की त्यांच्या नावात गुणवंत असलं तरी बारावीला फिजिक्समध्ये ते उडाले होते. त्यांच्या वडिलांनी पेढे आधीच आणून ठेवले होते, ते शेजाऱ्यांना दुसऱ्या कारणाने वाटावे लागले. आणि मग माझा नवरा, माझा स्वतःचा नवरा, पुढे सरकला आणि एका ओहायोतल्या पोराला सांगायला लागला की सी.ए.ची इंटर परीक्षा त्याने तीनदा दिली आणि तीनदा नापास झाला, म्हणून नाद सोडून गल्फला आला. नोकरी लागली म्हणून सी.ए. सोडलं, असं मी माझ्या माहेरी वीस वर्षं अभिमानाने सांगत होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

फोनमधून आधी हसू आलं. मग नाक ओढल्याचा आवाज. "यू गाइज आर टेरिबल," सुजीत म्हणाला, आणि मग मराठीत, अडखळत, "बाबा, मी सांगणार होतो. मला भीती वाटत होती."

"मला विचारायचंच सुचलं नाही रे," भावजी म्हणाले. "मी फक्त मार्क विचारत राहिलो." आता मात्र त्यांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि बेडरूममध्ये गेले. दार लोटलं. हेमाही ट्रे ठेवून आत गेली. आम्ही तिघं बाहेर बसून वडे खात राहिलो. आतलं काही ऐकू आलं नाही, आणि एवढं एक ऐकायला मिळालं नाही याचं मला वाईटही वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने भावजी बाहेर आले. डोळे लाल होते. अध्यक्षाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मतदान परत घ्या. मास्तर."

कुणी विरोध केला नाही. सोनकुसऱ्यांनी सुसाटचा हट्ट सोडला, ही तर ऐतिहासिक घटना होती. घरी आल्यावर शैलेंद्रची मी काय हजेरी घेतली ते इथे लिहीत नाही.

रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. अल नहदातून दुबईला कामाला जाणाऱ्या माणसाने सव्वासहाला गाडी काढली नाही तर तो ट्रॅफिकमध्ये अडकलाच म्हणायचा. भावजी त्या नियमाचे इतके पक्के की त्यांच्या लिफ्टच्या आवाजावर मी दूध तापत ठेवायची. आणि ते टाय लावून, बॅग हातात धरून, सात वाजता आमच्या दारात उभे.

"लंबूला घेतलं गाढवांनी," ते म्हणाले. "मास्तरला पहिल्या दिवशी कुणीच घेतलं नाही. कुणीही नाही, वहिनी. या लोकांना स्थळ कळतच नाही."

मी म्हटलं, फार वाईट झालं. मला खरंच वाईट वाटलं होतं, त्या मास्तरच्या पोराचं.

"सुजीत म्हणाला, ड्राफ्ट दोन दिवस चालतो. आज घेतील कुणीतरी." भावजी रागावलेले होते, पण त्यांचा चेहरा काही त्यांना साथ देईना. "आपणहून फोन केला त्याने. आम्ही केला नव्हता. पाऊण तास बोलला. उद्या सकाळी परत करतो म्हणाला, मास्तरचं काय झालं ते सांगायला."

"भावजी, तुम्हाला उशीर होतोय," मी म्हटलं.

"होऊ दे," ते म्हणाले. "चहा टाका."